मोंतायू : पिरिनीज पर्वतांतील एक खेडें

फ्रान्सच्या दक्षिण सीमेवर, पिरिनीज पर्वतांतील आरिएज प्रांतांत, सुमारें १३०० मीटर उंचीवर मोंतायू नांवाचें एक खेडें आहे. आज तेथें वर्षभर पन्नास माणसेंही राहत नाहींत; चौदाव्या शतकाच्या आरंभीं दोनअडीचशें होतीं. तेथें कोणी राजा जन्मला नाहीं कीं मोठी लढाई झाली नाहीं. तथापि तेथील शेतकरी व मेंढपाळ चुलीपाशीं बसून काय बोलत, हें आज आपणांस बरेंच तपशीलवार ठाऊक आहे. ह्याचें कारण मात्र दुःखद आहे.

ह्या गांवांत कॅथर पंथ रुजला होता. दृश्य जगत् हें दुष्ट शक्तीची निर्मिति असून जीव एका देहांतून दुसऱ्या देहांत, प्रसंगीं पशूच्याही देहांत, जातो असें ते मानीत. त्यांचे दीक्षित साधु मांसाशन करीत नसत. मरणोन्मुख मनुष्य दीक्षा घेतल्यावर कधीं कधीं अन्न वर्ज्य करून देह ठेवी. वाचकांस आपल्याकडील प्रायोपवेशनाची आठवण होईल. (एवढ्यावरून हीं मतें हिंदुस्थानांतून तिकडे गेलीं असें कोणी म्हणूं लागल्यास सावध असावें, साम्य म्हणजे संबंध नव्हे.)

रोमच्या धर्मपीठास हें पाखंड वाटलें. सन १३०८ मध्यें गांवांतील सर्व जाणत्या माणसांस अटक झाली. पुढें १३१७ सालीं पामिए येथें बिशप झालेल्या झाक फूर्निए ह्यानें १३१८ ते १३२५ पर्यंत त्या मुलुखांतील लोकांची चौकशी चालविली. न्यायासन ३७० दिवस बसलें, ५७८ जबान्या झाल्या. पांच जण जाळले गेले. कित्येक कैदेंत पडले, कित्येकांस वस्त्रांवर पिवळे क्रूस शिवून हिंडावें लागलें. फूर्निएचें मुख्य शस्त्र म्हणजे चिकाटी. साक्षीदार ऑक्सितान ह्या देशभाषेंत बोलत; लेखक तें लॅटिनमध्यें उतरीत व पुन्हा देशभाषेंत वाचून दाखवीत. गिर्वाणवाणींत कोंडलेलें तें प्राकृत बोलणें अजूनही जिवंत आहे.

त्या बोलण्यांत एक शब्द वारंवार येतो : 'ओस्ताल'. घर आणि घराणें हे दोन्ही अर्थ त्यांत एकवटले आहेत. गांवचा पुरोहित पिएर क्लेर्ग ह्याचा बाप वारला तेव्हां घराची भाग्यश्री जाऊं नये म्हणून शवाचे केस व नखांचीं टोकें कापून ठेवण्यांत आलीं! आर्नो सिक्र नांवाच्या इसमानें अखेरचा दीक्षित साधु बेलिबास्त ह्यास फसवून पकडून दिलें, तें आईचें जप्त झालेलें घर परत मिळावें ह्या आशेनें. बेलिबास्त १३२१ मध्यें जाळला गेला. ह्याच्या उलट मेंढपाळ पिएर मोरी. त्याला घर नको, संसार नको, कळप घेऊन पर्वत ओलांडणें हेंच त्याचें सुख. त्यासही १३२४ सालीं कारावास घडला. मला ह्या सर्वांत तोच अधिक आवडतो.

फूर्निए १३३४ मध्यें बारावा बेनेडिक्ट ह्या नांवानें पोप झाला. त्याची चौकशीची वही व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत राहिली. १९६५ मध्यें झां द्यूव्हेर्नुआ ह्यांनीं ती छापली आणि १९७५ मध्यें एमान्युएल ल रुआ लादुरी ह्यांनीं तिच्यावरून ह्या खेड्याचा विख्यात इतिहास लिहिला. गांवांतील सर्वांत प्रबळ मनुष्य जो पुरोहित क्लेर्ग, जो एका हातानें पाखंड्यांस पाठीशीं घाली व दुसऱ्या हातानें शत्रूंस पकडून देई, त्याची जबानी मात्र तींत नाहीं. १३२० मध्यें तो पकडला गेला आणि कैदेंतच मेला.