पैशांची ओढाताण आणि मदतीची दारं: जळगाव-धुळ्यातले आठ गैरसमज

कापसाचा पैसा हाती यायला दिवाळी उलटते. शाळेची फी, बी-बियाणं, दवाखाना आणि किराणा तोवर थांबत नाहीत. शिंदखेड्याचा कोरडवाहू शेतकरी असो, रावेरचा केळीबागेतला मजूर असो की जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यातला कामगार, हात आखडला की बहुतेक घरं एकाच क्रमानं जातात. आधी हातउसने, मग दागिना गहाण, मग सावकार किंवा मोबाइलवरचं कर्ज. हक्काची मदत कुठे मिळते याची चौकशी सगळ्यात शेवटी होते, तोवर मुद्दलाइतकं व्याज चढलेलं असतं. हा क्रम उलटा व्हायला हवा. तो होत नाही, याला पुढचे गैरसमज बऱ्याच अंशी कारणीभूत आहेत.

गैरसमज १ : सरकारी मदत फक्त पिवळ्या कार्डवाल्यांसाठी असते.

वस्तुस्थिती : प्रत्येक योजनेची उत्पन्नमर्यादा वेगळी असते आणि काहींना ती नसतेच. घराला कर्जात लोटणारा सगळ्यात मोठा खर्च दवाखान्याचा, आणि नेमक्या त्याच बाबतीत दार सर्वांना उघडं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ च्या जुलैपासून पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या कार्डधारकांनाही लागू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. मात्र रुग्णालय योजनेच्या यादीत असावं लागतं आणि उपचारही ठरलेल्या यादीतला असावा लागतो. म्हणून अनामत रक्कम भरण्याआधी तिथल्या ‘आरोग्यमित्रा’ला गाठा किंवा १५५३८८ वर विचारा.

यादीत न बसणाऱ्या उपचारासाठी धर्मादाय रुग्णालयाचा पर्याय आहे. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार असला तर ऐनवेळची धावपळ वाचते.

गैरसमज २ : सुरतला कामाला गेलो की गावचं रेशन बुडालं.

वस्तुस्थिती : खान्देशातली हजारो माणसं उधना-लिंबायतच्या कापड कारखान्यांत राबतात आणि बाजारभावानं धान्य विकत घेतात. अन्नसुरक्षा योजनेतलं, आधारशी जोडलेलं कार्ड देशातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात चालतं. नवरा-बायको सुरतेत आणि म्हातारे आई-वडील अमळनेरला असतील, तर आपापल्या वाट्याचं धान्य दोन्हीकडे उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ वर तक्रार करा.

गैरसमज ३ : सावकाराला कोऱ्या स्टॅम्पवर सही दिली, आता आपले हात बांधले गेले.

वस्तुस्थिती : हात बांधले गेलेत ते सावकाराचे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे. त्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रक्कम न लिहिलेल्या कागदावर सही घेणं हासुद्धा गुन्हाच आहे.

परवानाधारकानं किती व्याज घ्यावं हेही ठरलेलं आहे. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. गावात सर्रास चालणारा ‘शेकडा पाच’ महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाचे ६० टक्के झाले. शिवाय चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही.

सगळ्यात मोलाची तरतूद जमिनीची आहे. सावकारीच्या व्यवहारात लिहून दिलेलं शेत किंवा घर खरेदीखत झाल्यावरही परत मिळू शकतं. त्यासाठी व्यवहार गेल्या १५ वर्षांतला असावा लागतो. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करायचा. चौकशीत तो व्यवहार सावकारीचाच होता असं ठरलं, तर ते खरेदीखत अवैध ठरवून मालमत्ता परत करण्याचा आदेश देऊ शकतात. तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय असतं. हिशेबाच्या चिठ्ठ्या, मोबाइलवरून पाठवलेल्या रकमांच्या नोंदी, साक्षीदार, जे असेल ते जपून ठेवा.

गैरसमज ४ : गटाचं कर्ज म्हणजे बचत गटाचं कर्ज.

वस्तुस्थिती : या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ‘उमेद’ किंवा ‘माविम’च्या बचत गटात बायका आधी स्वतःची बचत करतात, त्यावर बँक गटाला कर्ज देते आणि गट आपल्या सदस्यांना जे कर्ज देतो, त्याच्या व्याजाचा पैसा गटाकडेच राहतो. मायक्रोफायनान्स कंपनी मात्र पाच-दहा जणींना एकत्र बसवून प्रत्येकीला वेगळं कर्ज देते. त्याचं व्याज बरंच जास्त असतं. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढलं, की त्यातून सुटका अवघड होते.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम इथे कामाला येतात. ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. या कर्जाला तारण मागता येत नाही. वसुलीचा माणूस सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर येऊ शकत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं, यातलं काहीच चालत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती विनाशुल्क करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप तुमची संपर्कयादी मागत असेल, तर तिथेच थांबा. फोटो पसरवण्याची धमकी आली, तर पैसे भरू नका. १९३० वर सायबर तक्रार नोंदवा.

गैरसमज ५ : पतसंस्थेतली ठेव बँकेइतकीच सुरक्षित असते.

वस्तुस्थिती : बँक बुडाली तर, मग ती सहकारी का असेना, प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला हा विमा लागू नाही आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नसते. जळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. इथेच मुख्यालय असलेल्या बीएचआर मल्टिस्टेट पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमला गेला आणि ठेवीदारांना वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले.

चांगल्या चालणाऱ्या पतसंस्थाही आहेत. पण लेकीच्या लग्नाचे आणि म्हातारपणाचे पैसे एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी एकाच ठिकाणी ठेवू नका. संस्थेचा लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता, हे विचारण्यात संकोच नको. ठेव अडकलीच, तर महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम १९९९ हा आधार आहे. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या. या कायद्यानं दोषींची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देता येतात.

गैरसमज ६ : कर्जमाफी होईलच, सोसायटीचा हप्ता कशाला भरायचा?

वस्तुस्थिती : प्रत्येक माफीला कट-ऑफ तारीख, रकमेची मर्यादा आणि अटी असतात. २०१७ ची मर्यादा दीड लाखाची होती, २०१९ ची २ लाखांची. कोण बसेल आणि कोण सुटेल, हे आधी कुणीच सांगू शकत नाही. थकबाकीचं नुकसान मात्र ठरलेलं असतं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शून्य टक्क्यानं पडतं. थकलं की ही सवलत जाते, नवं कर्ज अडतं आणि पेरणीच्या तोंडावर पाय सावकाराकडे वळतात. नियमित फेडणाऱ्यांना २०१९ च्या योजनेत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, हेही लक्षात असू द्या. पीक खरोखरच बुडालं असेल, तर मुदत संपण्याआधी विकास सोसायटीत किंवा बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारा.

गैरसमज ७ : कर्ता माणूस गेला, विमा काढलेला नव्हता, म्हणजे काही मिळणार नाही.

वस्तुस्थिती : विमा असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो, असं खूपदा होतं. मृत व्यक्तीचं पासबुक उघडून मे-जूनच्या नोंदी पाहा. २० रुपये कापले असतील, तर तो सुरक्षा विमा असू शकतो. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. ४३६ रुपये कापले असतील, तर तो जीवनज्योती विमा असू शकतो. त्यात नैसर्गिक मृत्यूलाही २ लाख. दावा त्याच बँकेत करायचा.

शेतकरी कुटुंबातला माणूस सर्पदंशानं, विजेच्या धक्क्यानं किंवा रस्त्यावरच्या अपघातात गेला, तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाखांचं सानुग्रह अनुदान आहे. अर्ज लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये तहसील कार्यालयातून मिळतात. निराधार विधवांसाठी संजय गांधी योजना आणि वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना याच कार्यालयात आहेत.

गैरसमज ८ : वकील आणि एजंट यांच्याशिवाय पान हलत नाही.

वस्तुस्थिती : जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुका न्यायालयांत त्याच्या समित्या आहेत. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कामगार यांना उत्पन्न न पाहता, आणि इतरांना वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास, मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००.

बँकेकडून लोक अदालतीची नोटीस आली की घरातले लोक घाबरून लपतात. ती अटकेची नोटीस नसते, तडजोडीचं बोलावणं असतं. जा, किती भरू शकता ते स्पष्ट सांगा, सवलत आणि हप्ते मागा. मात्र तडजोड मान्य असल्याशिवाय सही करू नका, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

वीजबिलाचंही तसंच. थकबाकीसाठी जोडणी तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिल चुकीचं असेल, तर महावितरणच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे वकिलाशिवाय जाता येतं. दाखल्यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्जाची पोच घ्या, मुदत उलटली की अपील करा, कुणी लाच मागितली तर १०६४ वर कळवा.

सुरुवात कुठून करायची?

आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांसमोर एका वहीत प्रत्येक देणं लिहा: कुणाचं, किती, व्याज किती, पुढची तारीख कोणती. ज्याचं व्याज सर्वांत जास्त, त्याच्यावर आधी उपाय शोधा. दुसऱ्या पानावर मिळू शकणारी मदत लिहा आणि आठवड्याला एका कार्यालयात अर्ज द्या. नवं कर्ज काढण्याआधी हे दुसरं पान संपवा. आणि घरातलं कुणी गप्प राहू लागलं, झोप उडाली, जगणं नकोसं झाल्याचं बोलू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मराठीत मोफत बोलता येतं. कर्जाला कायदा आहे, हप्ता आहे, तडजोड आहे. गेलेल्या माणसाला यातलं काहीच परत आणू शकत नाही.