साठ मुलांचे पासवर्ड आणि एक छोटी स्क्रिप्ट : शिष्यवृत्तीच्या कामात यंत्राला काय करू द्यावे?

शिष्यवृत्तीचा फॉर्म ऑनलाइन भरला, पावती निघाली, की काम झाले असे आपल्याकडचे बरेच पालक समजतात. खरे काम तिथून सुरू होते. अर्ज आधी शाळा-कॉलेजच्या लॉगिनमध्ये जातो, मग जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे. उत्पन्नाचा दाखला जुना निघाला, मार्कशीट धूसर आली, की अर्ज ‘डिफेक्ट’ म्हणून परत येतो आणि दुरुस्तीला ठरावीक मुदत मिळते. ती मुदत घरी येऊन कोणी सांगत नाही. एसएमएस येतो म्हणावे, तर फॉर्ममध्ये नंबर दिलेला असतो नेट कॅफेवाल्याचा, नाहीतर ट्रक घेऊन रायपूरकडे गेलेल्या वडिलांचा. शेवटी लॉगिन करून पाहिले तरच कळते.

देवरीत आम्ही काही जण मिळून मोहल्ल्यातल्या मुला-मुलींचे असे फॉर्म भरून देतो. देवरी तालुक्याचे ठिकाण आहे, मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही गावातच आहे. पण अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचे काही अडले की आमगावमार्गे गोंदिया गाठावे लागते आणि त्यात दिवस मोडतो. त्यामुळे अर्ज कुठे अडकला ते वेळेत कळणे, हीच मोठी मदत असते. आमच्याकडे साठेक मुलांचे आयडी-पासवर्ड एका वहीत लिहिलेले होते. रोज संध्याकाळी दोघे बसायचे आणि एकेक लॉगिन उघडून पाहायचे. बी.एससी. करणाऱ्या एका मुलाने एकदा म्हटले, ‘चाचा, हे तर रुबीकडून होईल. मेकॅनाइझ नावाची लायब्ररी आहे, तीच लॉगिन करते आणि पान वाचून सांगते.’

रुबी ही जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी तयार केलेली संगणकाची भाषा, १९९५ पासून लोकांच्या वापरात असलेली. मेकॅनाइझ ही त्या भाषेतली तयार अवजारांची पेटी. आधी ती पर्ल नावाच्या भाषेत होती, तिथून रुबीत आली. फुकट मिळते. आपण ब्राउझरमध्ये जे हाताने करतो, म्हणजे पान उघडणे, रकाने भरणे, बटण दाबणे, तेच ती पडद्यावर काही न दाखवता करते. आलेल्या पानातून हवा तो मजकूर वेचायला नोकोगिरी नावाची दुसरी लायब्ररी तिच्या सोबतीला असते. असा मजकूर यंत्राने वेचून घेण्यालाच स्क्रॅपिंग म्हणतात.

लॉगिन म्हणजे नेमके काय घडते, हे आम्हालाही तेव्हाच नीट समजले. संकेतस्थळाच्या सर्व्हरला स्वतःची आठवण नसते. प्रत्येक पान मागणारा त्याच्यासाठी नवा माणूस असतो. आयडी आणि पासवर्ड बरोबर दिला की तो एक टोकन देतो, दवाखान्यात नंबरची चिठ्ठी देतात तसे. त्या टोकनला कुकी म्हणतात. पुढचे प्रत्येक पान मागताना ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि सर्व्हर ओळखतो की हा मघाचाच. मेकॅनाइझ ती चिठ्ठी स्वतः सांभाळते. शिवाय लॉगिनच्या फॉर्ममध्ये आपल्याला न दिसणारे लपलेले रकाने असतात, त्यात दर वेळी बदलणारा एक सांकेतिक आकडा असतो. नवशिके फक्त आयडी-पासवर्ड पाठवतात आणि सर्व्हर नकार देतो. मेकॅनाइझ फॉर्म जसाच्या तसा उचलते, म्हणून लपलेले रकानेही बरोबर जातात.

ही कुकी फाइलमध्ये साठवून ठेवता येते. सोय वाटते, पण तिची मुदत असेपर्यंत ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला बहुतेक ठिकाणी पासवर्ड न विचारता आत जाता येते. पेन ड्राइव्हवर अशी फाइल घेऊन फिरणे म्हणजे साठ घरांच्या किल्ल्या खिशात घेऊन बाजारात फिरणे.

तर, त्या मुलाने दोन रात्री जागून स्क्रिप्ट लिहिली. ज्या संकेतस्थळासाठी लिहिली त्याचे नाव इथे घेत नाही, कारण चूक आमची होती. तिथे तेव्हा लॉगिनला चित्रातली अक्षरे ओळखून लिहावी लागत नव्हती. स्क्रिप्ट प्रत्येक मुलाच्या नावाने आत जायची, ‘डिफेक्ट’ हा शब्द शोधायची, सापडला तर नाव छापायची, नाही सापडला तर ‘ठीक’ लिहायची. पहिल्या आठवड्यात तिने दोन अर्ज पकडून दिले. आम्ही खूश झालो आणि संध्याकाळचे बसणे बंद केले.

मग त्या संकेतस्थळाने सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावला. त्या दिवसापासून स्क्रिप्ट आत जातच नव्हती. तिला दर वेळी ‘पासवर्ड बदला’ असे सांगणारे पान मिळत होते, आणि त्या पानावर ‘डिफेक्ट’ शब्द अर्थातच नव्हता. म्हणून साठच्या साठ नावांपुढे ‘ठीक’ येत राहिले. संगणकाच्या दृष्टीने काही बिघडलेले नव्हते, पान मागितले आणि पान मिळाले. अकराव्या दिवशी अकरावीतली एक मुलगी स्वतः विचारायला आली. तिच्या अर्जाची दुरुस्तीची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. त्या वर्षीचे तिचे पैसे गेले. तिचे वडील गॅरेजमध्ये काम करतात. ते आम्हाला एक शब्द बोलले नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना म्हणून कळकळीने सांगतो. लॉगिन झाले असे गृहीत धरू नका. आत गेल्यावर पानावर ‘लॉगआउट’ची लिंक आणि त्या मुलाचे नाव दिसते का, हे आधी तपासायला लावा. उत्तरे दोन ठेवू नका, तीन ठेवा : ठीक, डिफेक्ट आणि ‘कळले नाही’. तिसरे उत्तर आले की माणसाने उठून पाहायचे. आमच्या स्क्रिप्टला हे तिसरे उत्तर माहीत असते तर ती मुलगी वाचली असती.

आता प्रश्न असा येईल, की एवढी दुरुस्ती केली म्हणजे पुन्हा साठ लॉगिन यंत्राकडे द्यायला काय हरकत? आम्ही दिले नाहीत. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर लॉगिनला कॅप्चा असतो, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून लिहायची. अनेक सरकारी पोर्टलांवर मोबाइलवर ओटीपीही येतो. मेकॅनाइझ चित्र वाचत नाही. ती पानातली जावास्क्रिप्टही चालवत नाही, त्यामुळे जावास्क्रिप्टवर उभी असलेली पाने तिला कोरी दिसतात. वाटिर नावाची रुबीचीच दुसरी लायब्ररी खराखुरा ब्राउझर उघडून चालवते, तिला ही पाने दिसतात. पण ती मुळात संकेतस्थळे तपासण्यासाठी बनलेली आहे, आणि कॅप्चापुढे तिनेही थांबायचे असते. कॅप्चा फोडून देणाऱ्या सेवा बाजारात आहेत, हे आम्हाला माहीत आहे. पण कॅप्चा हे कुलूप आहे. इथे माणूसच हवा, असे घरमालकाने लिहून लावलेले आहे.

हे कुलूप का लावावे लागते, त्याचा अनुभव सगळ्या देशाने २०२१ मध्ये घेतला. १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या लोकांचे कोविड लसीकरण खुले झाले, आणि सुरुवातीला त्यांना कोविन पोर्टलवर ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय लस मिळत नव्हती. शहरातल्या प्रोग्रॅमर मुलांनी मोकळ्या जागा सतत तपासणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या. काहींनी टेलिग्रामवर लोकांना फुकट सूचना दिल्या, ते चांगलेच काम होते. पण काहींच्या स्क्रिप्ट थेट नोंदणीपर्यंत जाऊ लागल्या. गावातल्या केंद्रावरची जागा गावातला माणूस ओटीपी टाकेपर्यंत संपलेली असायची, आणि शहरातून गाड्या करून लोक खेड्यातल्या केंद्रावर यायचे. मग सरकारने कॅप्चा आणला, एका ठिकाणाहून ५ मिनिटांत १०० वेळाच विचारता येईल अशी मर्यादा घातली, आणि बाहेरच्या ॲपना मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकेल अशी व्यवस्था केली. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे २०२१ च्या आदेशात, ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांचे काय, असे विचारले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणीची सोय सुरू झाली होती. ज्याच्याकडे स्क्रिप्ट आहे तो रांगेत पुढे आणि ज्याच्याकडे साधा फोन आहे तो मागे, हे आपल्यासारख्या गावांनी सोसले आहे. तीच स्क्रिप्ट आपल्या हाती आली म्हणून हिशेब बदलत नाही.

उघड्या पानावर आहे म्हणजे कोणीही उचलावे, असेही नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम महिलांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय घेऊन त्यांची ‘बोली’ लावणारी ॲप गिटहबवर टाकली गेली. अनेक फोटो त्या महिलांच्या उघड्या खात्यांवरचेच होते. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटका केल्या, तेव्हा पकडलेल्यांत कॉलेजची मुले निघाली. अवजार शिकवताना हेही शिकवावे लागते.

कायद्याचे थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणे किंवा तिथली माहिती उतरवून घेणे यावर भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरण्यासाठी कलम ६६क नव्हे, ६६ग आहे. तिथेही ३ वर्षांपर्यंत कैद आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. आमच्या वहीतली निम्मी नावे १८ च्या आतली होती आणि एकाही पालकाची सही आमच्याकडे नव्हती. हेतू नेक होता, पण अमानत सांभाळायची रीत आम्हाला ठाऊक नव्हती.

स्क्रिप्ट आम्ही टाकून दिली नाही, तिचे काम बदलले. आता ती कुठेही लॉगिन करत नाही. रोज सकाळी एकदा ती सरकारी संकेतस्थळांची सर्वांसाठी खुली असलेली सूचनांची पाने उघडते, कालच्या यादीशी ताडून पाहते आणि नवीन ओळ दिसली तर आमच्या ग्रुपवर टाकायला मजकूर तयार करते. दोन पानांमध्ये दहा सेकंद थांबते. रोबोट्स.टीएक्सटी नावाच्या फाइलमध्ये यंत्रांनी कुठे जाऊ नये ते लिहिलेले असते. मेकॅनाइझ ती फाइल आपणहून पाळत नाही, तसे तिला सांगावे लागते, ते आम्ही सांगितले आहे. आणि ब्राउझरचे सोंग घेण्याऐवजी ती आपले खरे नाव आणि आमचा ईमेल सांगते.

इतक्या साध्या कामातही मराठीने आम्हाला बरेच पिदवले. कुठे ‘अल्पसंख्याक’ लिहिलेले, कुठे ‘अल्पसंख्यांक’, कुठे नुसते ‘मायनॉरिटी’. एकच शब्द शोधला की बाकीच्या सूचना हातातून निसटतात. तारखांचे तसेच. रुबीत अंक ओळखण्याची जी नेहमीची खूण आहे ती फक्त इंग्रजी आकडे ओळखते, ‘१५’ तिला आकडा वाटतच नाही, त्यासाठी वेगळी खूण वापरावी लागते. आणि कित्येक परिपत्रके म्हणजे कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ. त्यात काय लिहिले आहे ते यंत्राला कळत नाही, फक्त नवीन फाइल आली एवढे कळते. उघडून वाचायचे काम आमच्यातल्या एका भाभींकडे आहे.

साठ जणांची ती वही आम्ही फाडली. ज्याचा पासवर्ड त्याला दिला, बदलून घ्यायला लावला आणि फॉर्ममधला मोबाइल नंबर घरातलाच आहे ना, ते तपासले. जुम्म्याच्या नमाजनंतर अर्धा तास मुले आपापला फोन घेऊन येतात, स्वतः कॅप्चा भरतात, स्वतः ओटीपी टाकतात आणि अर्ज कुठे आहे ते वाचून दाखवतात. पडद्यावरची इंग्रजी कळली नाही तर आम्ही शेजारी असतो. त्या मुलीने यंदा पुन्हा अर्ज केला आहे. मागच्या जुम्म्याला तो जिल्ह्याच्या लॉगिनमध्ये होता.