अटॅचमेंट नेमकी कोठे अडली?

मासिक जीएसटीआर-१ विवरणपत्राची मुदत ११ तारखेला संपते. त्याच्या आदल्या दिवशी नांदेडच्या नव्या मोंढ्यातील वा लातूरच्या आडत बाजारातील पेढीवर मुनीमजींनी बिलांची फाइल करसल्लागाराकडे रवाना केलेली असते. मेल पोहोचतो, फाइल पोहोचत नाही. किंवा पोहोचते आणि उघडत नाही. मग विष्णुपुरीला शिकणाऱ्या भाच्याला फोन लागतो. श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोन्ही तेथेच असल्याने संगणकाचे काही अडले की विष्णुपुरी आठवणे स्वाभाविक आहे. उत्तरही बहुधा ठरलेले असते : “मामा, अँटीव्हायरस बंद करून पाहा.”

हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा पेढीला फार महाग पडू शकतो.

अँटीव्हायरस मेलच्या वाटेत उभा राहण्यास कारण घडलेले आहे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा विषाणू मनिलाहून निघाला आणि काही दिवसांत जगभरच्या कार्यालयांत पसरला. प्रेमपत्राच्या नावाची एक जोडफाइल, एवढेच त्याचे रूप. नावाच्या शेवटी खरे तर ‘व्हीबीएस’ ही अक्षरे होती. परंतु विंडोज ती लपवीत असल्याने पाहणाऱ्यास साधी मजकुराची फाइल दिसे. आपल्याकडे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ उभे केले, तेव्हा विषाणू मुख्यतः फ्लॉपीतून येत. पुढे मेल हाच त्यांचा हमरस्ता झाला, आणि मेल तपासणारा पहारेकरी प्रत्येक अँटीव्हायरसमध्ये आला.

हा पहारेकरी आउटलुकसारखा मेलचा प्रोग्राम आणि मेल सर्व्हर यांच्या मधे बसतो. जड फाइल तपासण्यास त्याला वेळ लागला, तर आउटलुक वाट पाहून कंटाळतो आणि ‘टाइमआउट’ची सूचना देऊन काम सोडतो. पासवर्ड घातलेली झिप फाइल त्याला आतून पाहताच येत नाही. कधी तो संशयित फाइल काढून घेतो व मेलचा मजकूर तेवढा पुढे जाऊ देतो. एकाच संगणकावर दोन अँटीव्हायरस असतील तर गोंधळ विचारूच नये. पुष्कळ पेढ्यांवर संगणकासोबत आलेला एक आणि नंतर विकत घेतलेला दुसरा, असे दोघे नांदत असतात.

म्हणून दोष कोणाचा हे आधी ठरवावे. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. तोच मेल आउटलुकऐवजी ब्राउझरमधून उघडावा. तेथे फाइल दिसत असेल तर मेल सर्व्हरपर्यंत सुखरूप आला आहे आणि अडथळा आपल्या संगणकात आहे. तेथेही नसेल तर अँटीव्हायरसची झाडाझडती घेण्याचे कारण नाही; चूक पाठविणाऱ्याकडे किंवा वाटेत झाली आहे. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही, आणि ‘ईएक्सई’सारखी फाइल झिपमध्ये घातली तरी तो ती स्वीकारत नाही. शिवाय मेलमधून जाताना फाइलचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. पेढीच्या स्वतःच्या मेलखात्याला १० एमबीची मर्यादा असेल, तर ९ एमबीची फाइलही परत येते. फाइलऐवजी ‘विनमेल डॉट डॅट’ असे काही आले, तर तो पाठविणाऱ्याच्या आउटलुकच्या मांडणीचा दोष आहे. त्यास मेल साध्या स्वरूपात पुन्हा पाठविण्यास सांगावे.

अडथळा आपल्याच संगणकात निघाला, तर अँटीव्हायरस उघडून ‘क्वारंटाइन’ हा कप्पा पाहावा. काढून घेतलेली फाइल तेथे सापडते, सोबत कारणही नोंदलेले असते. तेथे काही नसेल तर फक्त ‘ई-मेल स्कॅन’ तेवढे थोडा वेळ बंद करावे आणि स्वतःलाच एक लहान फाइल पाठवून पाहावी. संपूर्ण अँटीव्हायरस बंद करण्याची गरज नाही. मेलची तपासणी बंद असली तरी फाइल जतन करताना वा उघडताना दुसरी तपासणी होतच असते; ती चालू राहिली पाहिजे. केवळ मोठ्या फाइली अडत असतील तर आउटलुकमधील सर्व्हर टाइमआउटची मुदत वाढविल्याने बहुधा काम भागते.

सर्वच बंद केले आणि नेमका त्याच वेळी बिलाच्या नावाखाली खंडणीखोर विषाणू आला, तर टॅलीतील खतावणी, येणे-देणे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, सारे एका तासात कुलूपबंद होते. बॅकअप त्याच संगणकाला जोडून ठेवलेला असेल तर तोही वाचत नाही. अलीकडे व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ फाइली पाठवून फोन ताब्यात घेण्याचे प्रकार घडले आहेत. आपल्या समाजात पत्रिका किती येतात, हे वेगळे सांगायला नको! पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. ‘एपीके’ कधीच नसते. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

क्वारंटाइनमधील फाइल खरोखर हवी असेल, तर परत घेण्यापूर्वी पाठविणाऱ्यास फोन करावा, आणि तोही मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर न करता आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर. त्याने ती पाठविलीच नसेल, तर फाइल आहे तेथेच राहू द्यावी.