नित्यजीवनाचे निरीक्षण आणि नवोदित लेखक

नवोदित लेखकास ‘जीवनाचे निरीक्षण करावे’ असा उपदेश नेहमी केला जातो. परंतु निरीक्षण नेमके कशाचे करावयाचे, हे क्वचितच सांगितले जाते. परिणामी ग्रामीण कथा लिहू पाहणारा विद्यार्थी ‘आहे’चे ‘हाय’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ करून थांबतो. हे उच्चारभेद खरे असले, तरी तेवढ्याने बोलणारा माणूस उभा राहत नाही. उलट, प्रमाण भाषेतील वाक्यास बोलीचा असा मुलामा दिल्याने पात्र हास्यास्पद होण्याचाच संभव अधिक.

बोलीचे मर्म उच्चाराइतकेच प्रसंगात असते. कोण, कोणाशी व कोणासमोर बोलतो आणि काय बोलावयाचे टाळतो, हे पाहणे अगत्याचे होय. पतीचे नाव न घेणारी स्त्री मुलाच्या नावाने त्याचा निर्देश करते. उसने मागावयास आलेला शेतकरी आधी पाऊसपाण्याची व गुराढोरांची विचारपूस करतो आणि मुख्य गोष्ट उठता उठता काढतो. या क्रमातच त्याची भीड आणि त्याचा अभिमान दोन्ही व्यक्त होतात.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत हे स्पष्ट दिसते. तिचा निवेदक धनगरांच्या वाडीवर नव्याने आलेला तरुण शिक्षक आहे. तो परका असल्यामुळे त्याला आधी पाहावे व ऐकावे लागते. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद माणदेशी बोलीत आहेत. ही विभागणी म्हणजे पाहणारा आणि पाहिला जाणारा यांमधील अंतराची प्रामाणिक नोंदच होय.

अभ्यासूने रोज ऐकलेला एखादा संवाद त्याच दिवशी, बोलणारा, ऐकणारा व प्रसंग यांसह, टिपून ठेवावा. विलंब झाल्यास स्मृती अर्धवट वाक्ये पुरी करते आणि त्यांतील जिवंतपणा नाहीसा होतो.

या कामी दिरंगाई परवडणारी नाही. विहिरीवरील मोट गेली, तसे ‘नाडा’, ‘सोंदूर’, ‘धाव’ हे शब्दही नित्याच्या बोलण्यातून मागे पडले. त्यांचा अर्थ कोशात सापडतो. पण पहाटे मोट धरणारा बैलांना काय म्हणे व कोणत्या स्वरात म्हणे, हे कोश सांगू शकत नाही. ते ज्याने ऐकले, त्यानेच लिहावयाचे असते.