रात्रपाळीची खुर्ची

अमेरिकेतल्या प्रत्येक रेडिओ स्टेशनात एक पेटी असते. पुढे छोटा पडदा, चार बटणं आणि कागदाची पट्टी ओकणारं एक तोंड. वादळ, पूर, वायुगळती, पळवलेलं मूल, कसलाही इशारा आला की ती चालू गाणं तोडते आणि स्वतः बोलायला लागते. ही पेटी बनवणाऱ्या कंपन्या मुळातच बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातल्या एका जुन्या, नावाजलेल्या कंपनीने २०२५ मध्ये उत्पादन थांबवलं. बातमी वाचून मी गप्प झालो, तेव्हा बायको म्हणाली, "त्या डब्याला तर तुम्ही रोज शिव्या घालत होतात."

घालत होतो. मिडवेस्टातल्या एका छोट्या गावच्या स्टेशनात मी इंजिनिअर होतो. तिथे वसंत ऋतू म्हणजे टॉर्नेडोचे दिवस. रात्री दोनला तो डबा ओरडला की सांगलीत जन्मलेला माणूस पांघरूण फेकून बूट शोधायचा.

त्याआधीचा इतिहास मला पढवलेला आहे, जगलेला नाही, म्हणून भराभर सांगतो. १९५१ मध्ये कोनेलरॅड नावाची इशारा-यंत्रणा आली. रशियन विमानांनी रेडिओच्या लहरींचा माग काढत शहरं गाठू नयेत म्हणून हल्ल्याच्या वेळी स्टेशनांनी नेहमीचं प्रसारण बंद करायचं, आणि सूचना फक्त ६४० आणि १२४० किलोहर्ट्झवर द्यायच्या. त्या काळच्या रेडिओच्या तबकडीवर या दोन आकड्यांपाशी छोटे त्रिकोण छापलेले असत. १९६३ मध्ये कोनेलरॅड गेली आणि तिच्या जागी ईबीएस, म्हणजे आणीबाणी प्रसारण यंत्रणा, आली. तिची तेहेतीस वर्षं मुख्यतः 'ही केवळ चाचणी आहे' एवढंच सांगण्यात गेली. एक शनिवार मात्र रंगतदार. २० फेब्रुवारी १९७१ला कोलोरॅडोतल्या लष्करी केंद्रात ऑपरेटरने चुकीची टेप लावली आणि देशभरच्या स्टेशनांच्या टेलिप्रिंटरवर खरोखरीच्या आणीबाणीचा संदेश उमटला. खातरजमेचा गुप्त शब्दही बरोबर होता, 'हेटफुलनेस'. संदेश रीतसर रद्द व्हायला चाळीसेक मिनिटं लागली. इंडियानातल्या फोर्ट वेनच्या डब्ल्यूओडब्ल्यूओने कार्यक्रम थांबवून श्रोत्यांना तो ऐकवला. बाकी बहुतेक ठिकाणी गाणी चालूच राहिली. कुणी विश्वास ठेवला नाही, कुणी टेलिप्रिंटरकडे पाहिलंच नाही.

माझं दशक १ जानेवारी १९९७ला सुरू झालं. त्या दिवशी ईबीएस जाऊन ईएएस, म्हणजे आणीबाणी इशारा यंत्रणा, आली आणि तिच्याबरोबर हा डबा. कल्पना सुंदर होती, हे आजही म्हणेन. इशाऱ्याच्या आधी आकड्यांचा एक खरखरीत फुत्कार तीनदा जातो. त्यात सगळं असतं: इशारा कुणी दिला, धोका कसला, कोणत्या काउंटीला, किती वेळ. आमच्यातली जुनी मंडळी त्या आवाजाला बदकाचं पादणं म्हणत, आणि एकदा ऐकलंत तर तुम्हीही दुसरं काही म्हणणार नाही. प्रत्येक डबा किमान दोन ठिकाणांवर कान लावून असतो. शेजारचं मोठं स्टेशन बोललं की आम्ही बोलायचं, आमचं ऐकून पुढच्याने. लग्नाचा निरोप गावोगाव जायचा, तशी साखळी. दर आठवड्याला चाचणी, दर महिन्याला मोठी चाचणी, निघालेली पट्टी वहीत चिकटवायची आणि खाली सही.

यातली गंमत अशी की कायद्याने सक्ती होती ती मुख्यतः राष्ट्राध्यक्षांच्या संदेशाची, आणि तो खराखुरा संदेश आजवर एकदाही आलेला नाही. ११ सप्टेंबर २००१लासुद्धा नाही. गावावर चालून येणारा टॉर्नेडो सांगायचा की नाही, हे मात्र स्टेशनाच्या मर्जीवर.

आता भांडण. आमच्याकडे रात्रपाळीला एक म्हातारा होता. थर्मास, सिगारेट आणि पोलिसांच्या वायरलेसवर लावलेला कान. धरणाच्या खालच्या रस्त्यावर पाणी आलं हे हवामान खात्याआधी त्याला कळायचं, कारण लोक त्यालाच फोन करायचे. १९९५ मध्ये नियम सैल झाले आणि स्टेशन माणसाशिवाय चालवायची मुभा मिळाली. १९९६च्या कायद्याने एका मालकाने देशभरात किती स्टेशनं घ्यावीत याची मर्यादाच काढली. आणि १९९७ मध्ये आमचा डबा आला, जो झोपत नाही आणि पगार मागत नाही. नव्या मालकांचा माणूस मला विचारत होता, "हा आपोआप चालतो ना?" मी अभिमानाने हो म्हणालो. दोन महिन्यांत म्हातारा घरी गेला. ते 'हो' मला अजून चावतं.

मग मायनॉट. नॉर्थ डकोटातलं हे गाव, तारीख १८ जानेवारी २००२, वेळ मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराची. गावाच्या कडेला मालगाडीचे ३१ डबे रुळांवरून उतरले, पाच टाक्या फाटल्या आणि सुमारे दीड लाख गॅलन अमोनिया थंडीत ढगासारखा पसरला. गावाच्या काही भागातली वीज गेली. घरात थांबा, खिडक्या लावा, एवढंच लोकांना सांगायचं होतं. गावातली सहाही व्यावसायिक स्टेशनं एकाच कंपनीची. पोलिसांचं म्हणणं, फोन कुणी उचलला नाही. कंपनीचं म्हणणं, आमचा माणूस होता, लाइनी तुंबल्या होत्या आणि पोलिसांनीच त्यांच्याकडची यंत्रणा नीट बसवली नव्हती. एक माणूस गेला, शेकडो जखमी झाले. कुणाचं खरं यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. माझ्या व्यवसायातले लोक डब्याच्या बाजूने तावातावाने बोलत, मीही बोललो. डबा निर्दोष होता. त्याला कुणी काही सांगितलंच नाही, तर तो काय बोलणार? आणि सांगणाऱ्याचा फोन घ्यायला जी खुर्ची होती, ती आम्हीच रिकामी केली होती.

पुढची वर्षं मला फारशी आठवावीशी वाटत नाहीत. डबा इंटरनेटला जोडला. २०११ मध्ये पहिली राष्ट्रव्यापी चाचणी झाली, तिच्यात आवाजावर आवाज चढून गोंगाट झाला. २०१३ मध्ये मोंटानातल्या एका टीव्ही स्टेशनाच्या डब्यात कुणीतरी घुसलं आणि मुडदे थडग्यातून उठत आहेत असा इशारा देऊन गेलं. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता. मोबाईलवर इशारे यायला लागले, तसं मालकांना रेडिओच्या डब्याचं ओझं वाटू लागलं. आता त्यांची मागणी आहे की डबाच नको, स्टेशनाच्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकू द्या. म्हणजे खुर्ची गेली, आता पेटीही जाणार.

मागच्या महिन्यात पहाटे तीनला माझा फोन वाजला. पलीकडे यंत्राचा आवाज: ट्रान्समीटर बंद पडला आहे. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, यादीतला नंबर कुणी बदललेला नाही. बाहेर वीज कडाडत होती. मी स्टेशनला उलट फोन लावला. वीस घंटा मोजल्या. मग नव्या इंजिनिअरला उठवलं. तो बिचारा दीडशे मैलांवर राहतो आणि अकरा स्टेशनं सांभाळतो. "निघतो," म्हणाला, "उजाडेपर्यंत पोचेन."