पाकीट कोणाकडे?

आमच्या घरात प्रवासाचं पाकीट यांच्याकडे, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. मी बॅगा भरायच्या, चिवडा-लाडू बांधायचे. पैशांचं हे बघणार. २०२४ च्या मे महिन्यात बार्सिलोनाहून इस्तंबूलपर्यंत एकवीस दिवसांच्या क्रूझवर निघालो, तेव्हाही तसंच. आठशे युरोच्या नोटा, बाकी सगळं फॉरेक्स कार्डावर, तेही युरोमध्ये. युरोपला चाललोय म्हणजे युरोच लागणार, नाही का? विमानतळावर सुनेने माझ्या पर्समध्ये पन्नास युरोची एक नोट कोंबली. ''आई, असू द्या तुमच्याजवळ.'' मी हसले.

बोटीवर चढलो आणि कळलं, इथला हिशेब डॉलरमध्ये! रोख तर चालतच नाही. पहिल्या दिवशी कार्ड नोंदवायचं, मग कॉफीपासून कपडे धुण्यापर्यंत सगळं खात्यावर. टिपसुद्धा माणशी रोजच्या रोज आपोआप मांडली जाते. थोडक्यात काय, वाण्याची उधारीची वही. यांनी ते युरोचं कार्डच देऊन टाकलं. म्हणजे प्रत्येक वेळी युरोचे डॉलर होणार आणि त्याचा वेगळा आकार कापला जाणार. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक!

दहाव्या दिवशी यांना उलट्या सुरू झाल्या. त्यात मधुमेह. बोटीवरच्या दवाखान्यात सलाईन लावलं, बिल खात्यावर चढलं. विमा होता हो, पण तो पैसे मागाहून देणार. आधी आपणच भरायचे. दुसऱ्या सकाळी बोट माँटेनेग्रोतल्या कोटोरला लागली. (हा देश युरोपीय संघात नाही, पण चलन युरोच.) साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या. नोटा केबिनच्या तिजोरीत, आणि तिचा नंबर फक्त यांना माहीत. हे ग्लानीत. लग्नाची तारीख टाकून बघितली, उघडली नाही. मग फॉरेक्स कार्ड घेऊन एकटीच उतरले.

औषधाच्या दुकानात कार्ड चालेना. दोनदा, तीनदा. माझं स्वतःचं क्रेडिट कार्ड काढलं, तेही नाही. मागे रांग, माझ्या हातापायांना घाम. मग आठवली सुनेची नोट. तिच्यावर तपासायचं यंत्र आणि पट्ट्या आल्या.

परत आल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने उलगडा केला. बोट खर्चापेक्षा जास्तच रक्कम कार्डावर अडवून ठेवते. क्रेडिट कार्ड असेल तर नुसती मर्यादा अडते. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड असेल तर आपले खरे पैसेच अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात. आमचे पैसे होते, पण नसल्यासारखे. आणि माझ्या कार्डाचा परदेशातला वापर मी कधी चालूच केलेला नव्हता. त्या रात्री बोटीचं महागडं इंटरनेट घेऊन बँकेच्या अॅपमधून तो चालू केला आणि खात्याला माझं कार्ड जोडलं.

दोन दिवसांनी हे उठून बसले. तिजोरीचा नंबर काय निघाला? यांच्या पहिल्या स्कूटरचा!

मग मी एक वही केली. डॉलर, युरो, लिरा असे तीन रकाने. निम्म्या नोटा माझ्या पर्समध्ये आल्या. तुर्कस्तानात कुशादासीला एटीएममधून दोन दिवसांपुरतेच लिरा काढले. दुकानात कार्डाच्या यंत्राने विचारलं, रुपयांत देणार की लिरात? रुपये बघून जीव सुखावतो, पण त्यांचा भाव तिथलं यंत्र ठरवतं आणि तो आपल्याला महागात जातो. मी लिराचं बटण दाबलं. सुटी नाणी मात्र तिथेच संपवली. इथे ती बदलून कोणी घेत नाही.

इस्तंबूलला उतरलो तेव्हा हे माझ्या शेजारी येऊन घुटमळले. ''अगं, चहा घ्यावा म्हणतो. थोडे लिरा दे ना.''

''कितीचा आहे ते आधी विचारून या,'' मी म्हटलं आणि वही काढली.