एका पायाने चढलेला घाट

हैदराबादच्या आदित्य मेहता यांचं नाव मराठी सायकलवेड्यांना अजून पुरेसं ठाऊक नाही. रस्ते अपघातात पाय गमावल्यावरही या गड्याने २०१३ मध्ये आशियाई पॅरा-सायकलिंग स्पर्धेत दोन रौप्यपदकं मिळवली, आणि मग स्वतःच्या नावाची संस्था काढली. तिची ‘इन्फिनिटी राइड’ दिव्यांग खेळाडूंसाठी निधी जमवते. २०२०च्या अखेरीस सीमा सुरक्षा दलाच्या साथीने या राइडमधले दिव्यांग सायकलस्वार काश्मीरहून कन्याकुमारीला गेले. अंतर सुमारे ३,८०० किलोमीटर!

एका पायाने चढ म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. दोन पाय असले की एक खाली दाबतो तेव्हा दुसरा आपोआप वर येतो. एकाच पायाला मात्र पेडल दाबायचंही असतं आणि वर ओढायचंही. म्हणून बूट पेडलला खटक्याने अडकवतात आणि हलका गिअर ठेवतात. वेग मोडला की संपलंच. उभं राहून जोर मारणंही फार अवघड. अंध स्वार दोघांच्या सायकलवर मागे बसतात, पाय चालत नसलेले हातांनी पेडल फिरवतात.

चढाची चव घ्यायचीय? हैदराबादजवळच्या चेवेल्लाच्या वडांखालून विकाराबादमार्गे अनंतगिरीच्या टेकड्या गाठा. मुसी नदीचा उगम तिथलाच. मात्र पहाटेच निघा, त्या रस्त्यावर ट्रक फार. वाटेत एखादा दिव्यांग स्वार चढताना दिसला, तर हॉर्न न वाजवता पुरेसं अंतर ठेवून पुढे जा.